सातवा खटका

१

मी ज्या विद्यापीठात इंजिनवाला होतो ते धरमतरच्या खाडीवरच्या माळावर होतं. पोरांनी शहरापासून लांब राहून शिकावं असं मुंबईच्या एका शेटजींच्या मनात आलं आणि त्यांनी तो सगळा माळ विकत घेतला. पण पोरांना रॉकेलच्या दिव्याशी बसवणं त्यांना पटेना. घाटाखाली तयार होणारी वीज थेट मुंबईला जायची, आमच्या बाजूला तिची तारसुद्धा दिसत नसे. तेव्हा विद्यापीठानं आपली वीज आपण करावी, आपलं पाणी आपण चढवावं असं ठरलं, आणि सन एकोणतीसमध्ये मला गिरणीच्या इंजिनखात्यातून उचलून तिथं आणून बसवलं. माझं नाव हिरामण.

काम साधं होतं. सकाळी इंजिन सुरू करायचं. त्याच्यावर डायनामो फिरायचा, विहिरीवरची मोटार चालायची आणि पाणी टेकाडावरच्या टाकीत चढायचं. टाकीतून ते आपल्या वजनानं सगळ्या इमारतींत उतरे. त्याच वेळी बॅटऱ्याही थोड्याफार भरून घ्यायच्या. पंचावन्न काचेच्या बरण्या, शेजारच्या खोलीत ओळीनं मांडलेल्या. संध्याकाळचे दिवे त्या बरण्यांवर चालत, इंजिन बंद असे, आणि मला अर्धा तास घरी जाऊन जेवून येता येई.

सोमवार आणि गुरुवार मात्र वेगळे. आठवड्यातून दोनदा बॅटऱ्या काठोकाठ भराव्या लागतात, नाहीतर आतले पत्रे पांढरे पडतात आणि कायमचे मरतात. त्या दोन दिवशी संध्याकाळी पाचपासून दहापर्यंत इंजिन चाले, आणि चालतं इंजिन सोडून जातो तो इंजिनवाला नव्हे. मी कधी गेलो नाही. म्हणजे एकदा गेलो, ते पुढं येईल.

भिंतीवर काळ्या दगडाची फळी होती. तिच्यावर सात खटके, आणि प्रत्येक खटक्याच्या वर काचेत एक काटा. दोन वसतिगृहं, वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, आचार्यांचा बंगला, आणि सातवा माझ्या घराचा. माणसं मला फारशी भेटत नसत, पण त्यांचे काटे मी रोज बघायचो. ग्रंथालय नऊला खाली यायचं. आचार्य नऊला दिवा मालवून साडेनऊला पुन्हा लावायचे, म्हणजे झोप येत नसावी. दहाला पाच कमी असताना मी मोठा खटका उचलून सगळ्या माळाचे दिवे तीनदा मिचकवायचो. पोरांनो, आता अंथरुणं घाला, एवढाच त्याचा अर्थ.

मी मूळचाच अबोल माणूस. काट्याशी बोलावं लागत नाही आणि तो खोटंही बोलत नाही, म्हणून ते काम मला मानवलं होतं.

२

घर विहिरीपाशी होतं. पॉवरहाऊसपासून दोन फर्लांग, मध्ये काजूची राई, त्यामुळे इथून तिथलं काही दिसत नसे. मोटारीसाठी खांब गेलेच होते, म्हणून आचार्यांनी मलाही एक दिवा दिला. एक खोली, एक दिवा, एक बटण. दिवा लागला की सातवा काटा काचेतल्या आखणीचं अर्धं घर वर चढे. माझी बायको केसर घरी आहे हे मला त्या अर्ध्या घरावरून कळायचं.

केसर सुधागडातल्या पालीची. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नवराही बायकोला नावानं हाक मारत नाही. "अवो" आणि "अगं" यांवर संसार होतो, पण ते दोन फर्लांग ऐकू जात नाहीत.

लग्नाला महिना झाला असेल. संध्याकाळी साडेसातला मी फळीसमोर बसलो होतो आणि सातवा काटा पडला, उठला. पुन्हा पडला, उठला. तिसऱ्यांदा पडून उठला आणि स्थिर झाला. मी घरी गेलो तर पान वाढलेलं, भातावर वाफ. मग मला उलगडलं. रात्री मी सगळ्या माळाला करतो तसं ती मला एकट्याला करत होती. चला, जेवायला या.

मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती लाजली असती, आणि लाजून बंद केलं असतं. तीही काही बोलली नाही. पुढची दोन वर्षं रोज साडेसातला ते तीन झटके यायचे आणि मी उठायचो. सोमवार-गुरुवारीही यायचे. त्या दिवशी मला जाता येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी बोलवायचीच. इंजिनापाशी बसून मी एकटाच हसायचो. त्या रात्री साडेदहाला घरी जायचो तेव्हा ती झोपलेली असे. टोपल्याखाली असेल ते अंधारातच खायचो. कधी अर्धी भाकरी असायची, कधी नुसता भाताचा तळ. पण बोलावलं होतं, यातच माझं पोट भरायचं.

माझं तिच्यावर प्रेम होतं. मी हे तिला सांगितलं नव्हतं, कोणीच सांगत नाही.

३

एकतीसच्या शिमग्यानंतर केसर माहेरी गेली. भांडण झालं नाही. गाठोडं बांधताना ती म्हणाली, "मना तुमचं कायच कळत न्हाय. एक दिस पोटभर बोलता, चार दिस दगडावानी. मानसानं कंचं तरी एक असावं."

मला राग आला. जेवताना मी बोलत नाही, उठल्यावरही बोलत नाही. पोटभर कधी बोललो? टोमणा असेल असं मी समजलो. तिनं दोन्ही पाट भिंतीला उभे केले, कुलूप लावलं, एक चावी मला दिली आणि दुसरी कमरेला खोचून मचव्यात बसली.

महिन्यानं तिच्या बापाचा, बाबाजींचा, निरोप आला. मृगाच्या आत न्यायला आलास तर ती तुझी, नाहीतर ती इथंच राहील. मी ठरवलं की गरज असेल तो येईल. मी तसा हट्टीच.

मग सुट्टी लागली. पोरं गेली, आचार्य गेले, आचारी गेले. माळावर मी आणि फाटकावरचा पहारेकरी मोरू, दोघंच उरलो. माणसं नसली तरी बॅटऱ्यांना खायला घालावंच लागतं, म्हणून मला सुट्टी नव्हती. सहा काटे तळाला पडून असत. मी निजायलाही पॉवरहाऊसवरच असायचो. कुलूपबंद घरी जाऊन करायचं काय? सातवा खटका तेवढा चालू राहिला होता. तो बंद करायला माझा हात झाला नव्हता.

एका मंगळवारी साडेसातला मी तेलाचा डबा पुसत होतो. सातवा काटा उठला आणि पडला. उठला, पडला. तिसऱ्यांदा उठून पडला.

मी काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

४

खारीनं तार कुरतडली असणार. वाऱ्यानं फांदी टेकली असणार. अशा गोष्टी रोज होतात, आणि मी अडाणी माणूस नव्हे. बुधवारी सकाळी खांबापासून खांबापर्यंत तार तपासली. तार नवरीसारखी नीटनेटकी होती. बुधवारी साडेसातला पुन्हा तीन झटके आले.

वारा घड्याळ बघून वाहत नाही. मग मला वाटलं, माझेच डोळे असतील. दोन वर्षांची सवय आहे, साडेसात वाजले की डोळ्यांना काटा हलल्यासारखा दिसत असेल.

गुरुवारी मी बॅटऱ्या दिवसाच भरून घेतल्या आणि दिवेलागणीच्या आधी सातवा खटका बंद केला. सुकट भाजली, भाकरी घेतली आणि फळीकडे पाठ करून बसलो. साडेसात झाले, काही झालं नाही. होणार कसं? खटकाच बंद. आता मनाला निवांतपणा मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. उलट मला इतकं एकटं वाटलं की मी भाकरी बाजूला ठेवली. खरं सांगतो, मी उठलो आणि स्वतःच्या हातानं तो खटका पुन्हा लावला.

काट्यानं वाटही पाहिली नाही. उठला, पडला, उठला, पडला, उठला. आणि उठलेलाच राहिला.

घरात दिवा जळत होता.

राईतून जाताना मी पळत नव्हतो, एवढं आठवतं. दाराला कुलूप तसंच होतं, कडीवर धूळसुद्धा होती. फटीतून उजेड येत होता. चावी लावून आत गेलो. कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून अडसर होता. चूल थंड होती. दोन पाटांपैकी एक भिंतीला उभा होता आणि दुसरा खाली मांडलेला होता, माझा, नेहमीच्या जागी, दाराकडे पाठ करून.

भीती मागून वाटली. आधी मला आनंद झाला, कारण दुसरी चावी केसरकडे होती. "अगं," मी म्हणालो. विहिरीपाशी जाऊन पुन्हा म्हणालो. मग राईच्या तोंडाशी जाऊन जरा मोठ्यानं म्हणालो. उत्तर आलं नाही, तेव्हा तसाच फाटकाकडे निघालो. दिवा मालवायचं राहून गेलं.

५

मोरू झोपडीबाहेर जाळं विणत बसला होता. साठी उलटलेला कोळी, खाडीत पाय टिकेना म्हणून पहाऱ्यावर आलेला.

"वैनी?" तो म्हणाला. "वैनी कशा येतील? तीन दिस झाले, मचव्यातनं बाईमानूस उतरल्यालं न्हाय." मग त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं. "पन तुमी काल येवढे रागात का व्हताव?"

"काल कुठं भेटलो आपण?"

"सांजच्याला. दिवं लागायच्या येळंला. तुमी राईतनं घराकडं चाललेलाव. मी हाक मारली, तर वळून बी बघितलं न्हाय."

काल त्या वेळेला मी पॉवरहाऊसमध्ये काट्याकडे डोळे लावून बसलो होतो. "मीच कशावरून?" मी म्हणालो. "तोंड बघितलंस?"

"तोंड कशाला लागतंय? पाठीवरनं वळखलं. चालनं तुमचंच, खांदा बी तुमच्यासारका डावीकडं पडल्याला."

मोरू संध्याकाळी ताडी घेतो हे साऱ्या बंदराला माहीत होतं. मी ते स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. पण त्या रात्री घरी गेलो नाही. पहाटे भरतीला नागोठण्याचा मचवा सुटणार होता, त्याच्यात मी जाऊन बसलो. हट्ट वगैरे काही उरला नव्हता. मला केसर हवी होती, आणि त्या माळावर मला आता एकट्यानं राहायचं नव्हतं. या दोहोंपैकी कोणतं कारण मोठं होतं ते मी तपासलं नाही.

६

नागोठण्याहून बैलगाडीनं पालीला पोचलो. बाबाजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. "आलाव? मृगाला अजून येळ हाय," एवढंच म्हणाले आणि आत वर्दी दिली. बोलण्यासारखी जागा मिळाली ती मागच्या पडवीत, भाताच्या कणगीजवळ. दोन महिने केसर पालीच्या वेशीबाहेर गेली नव्हती. ते मी बाबाजींच्या तोंडून आधीच काढून घेतलं होतं.

"कशापायी आलाव?" ती म्हणाली.

"तुझा दिवा बघून."

"कंचा दिवा?"

आयुष्यात पहिल्यांदा मी ते बोललो. "तू तीनदा मिचकवायचीस तो. मला जेवायला बोलवायला."

ती पदर तोंडाला लावून हसली. "मी? मी कशाला मिचकवू? सांजचं एकदा बटन दाबायची तेच जीव मुठीत धरून. ते तर तुमी करायचाव. रातच्याला साऱ्या कालेजाला करता, तसं साडेसातला मना एकलीला. दिवा तीनदा मिचकला का मी समजायची, निघालं आमचं मानूस. मंग पान वाढाया घ्यायची."

पडवीत कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"दोन वर्सं त्येच्यावरच काढली मी," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तिथं बोलाया मानूस न्हाय, शेजार न्हाय. पन वाटायचं, तोंडानं बोलत न्हाय तर न्हाय, दिव्यानं तरी बोलतात. आन सोमवार-गुरुवारी तर काय इचारूच नका."

"का? सोमवार-गुरुवारी काय?"

"घ्या. त्या दोन दिशी किती बोलायचाव तुमी. जेवन झालं तरी उठायचं नाव न्हाय. गिरनीचं सांगायचाव, तुमच्या आयचं सांगायचाव. आन मंग जेवून गेलेलं मानूस रातच्याला परत येऊन टोपल्याखालचं खायाचं. मी झोपल्याचं सोंग घ्यायची. म्हनायची, कामाच्या मानसाला भूक लागती."

 सोमवारी, गुरुवारी पाचपासून दहापर्यंत मी इंजिन सोडलेलं नव्हतं. एकदाही नाही.

"आणखी काय सांगितलं मी?"

तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं. तसं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, निदान मी स्वतः समोर असताना. "तुमच्या धाकट्या भावाचं. खाडीत बुडाला तवा तुमच्या हातातनं त्येचा हात सुटला ते. त्या दिशी तुमी रडलाव. मी म्हनलं, ह्यो मानूस दगड न्हाय."

भावाचा हात सुटला हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही सांगितलं नव्हतं. तो हातचा निसटून गेला असं नव्हे, तो आधीच लांब होता, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

"येक दिस तसं आन चार दिस मुकं, ते मना सोसंना म्हून मी आले," केसर म्हणाली. "पन आता न्यायला आलाव तर मी येते. येकच सांगा. ते तीन मिचके तुमीच करत व्हताव ना?"

तिच्या कमरेची चावी मला दिसत होती. मी नाही म्हणालो असतो तर तिनं त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं, आणि माझ्याकडेही पुन्हा तसं बघितलं नसतं. काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

"व्हय," मी म्हणालो. "मीच."

७

दोन दिवस पाहुणचार झाला, मग मुहूर्त, मग भरतीची वाट. निघेपर्यंत बुधवारची रात्र झाली. नोकरी सोडावी असं वाटेत सारखं मनात येत होतं. पण जून तोंडावर आला होता, दुसरं काम हातात नव्हतं, आणि केसरला त्याच घरी जायचं होतं. शेवटी मी ठरवलं की यापुढे बॅटऱ्या दिवसाच भरायच्या, काही झालं तरी साडेसातला घरी असायचं, आणि रोज बोलायचं. आधीच्या साऱ्याचं काय ते कळायची मला गरज नव्हती. त्याची जागा भरून काढली की झालं.

मचव्यातच सुरुवात केली. "माझी आई मिठागरावर जायची," मी म्हणालो. "तिचे पाय…"

"फुटल्याले असायचे, तुमी त्येला तेल लावायचाव," केसर म्हणाली. "सांगितलंत की ते."

गुरुवारी दुपारी धक्क्याला लागलो. मोरू दोरी धरायला आला. केसर गाठोडं घेऊन पुढं झाली तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. "तुमी आता मचव्यातनं आलाव?"

"मग कशातून?"

"मंग सहा दिस तुमच्या घरात बत्ती कुनी लावली? रोज जळती. म्यां म्हनलं घरातच हायत, कशाला तरास द्या."

मी त्याला सांगितलं की त्या रात्री दिवा मालवायचा राहिला, म्हणून तो तेव्हापासून जळत असणार. हे खरंच होतं. दिवसाही जळत असणार, उजेडात कोणाला दिसतोय! पॉवरहाऊसवर जाऊन बघितलं तर तसंच झालं होतं. एका दिव्यानं सहा दिवसांत बरण्या पिऊन टाकल्या होत्या. अशाच ठेवल्या तर पत्रे मेले असते, आणि सोमवारी आचार्य येणार होते. इंजिन आत्ताच्या आत्ता सुरू करून दहापर्यंत चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आज माझ्याबरोबर तिकडंच बस," मी केसरला म्हणालो.

"आन घर? बोटभर धूळ हाय. चूल पेटवायची हाय." तिनं पदर खोचलासुद्धा. घरात सगळं जागच्या जागी होतं. दिवा मिणमिणत होता, तो मी मालवला. मांडलेला पाट तिनं पुसून पुन्हा तिथंच ठेवला.

मी कंदील पुसून, भरून तिच्या हाती दिला. "आज तारेचं काम आहे, बत्ती लागणार नाही. मला उशीर होईल. मी आल्याशिवाय पान वाढू नकोस."

"ऐका," ती हसून म्हणाली. "तुमी आल्याशिवाय वाढू तरी कुनाला?"

८

पॉवरहाऊसवर जाऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर सातवा खटका बंद केला. नुसता बंद करून समाधान होईना, म्हणून त्याच्या मागची फ्यूजची तारही काढली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. आता फळी आणि घर यांच्यात काही उरलं नव्हतं. मग इंजिन सुरू केलं.

सात वाजले. बरण्यांतून बुडबुडे फुटायला लागले होते, तेजाबाचा वास येत होता. सव्वासात. मी फळीसमोर उभा होतो. खिशावर हात ठेवला की तार बोटांना लागायची. आठवडाभरापूर्वी हा काटा हलावा म्हणून मी कासावीस झालो होतो, आणि आता त्याला हात जोडत होतो.

साडेसातला सातवा काटा उठला.

पडला. उठला. पडला. उठला, आणि अर्ध्या घरावर जाऊन थांबला. मी खटक्याकडे पाहिलं. तो बंदच होता. खिसा चाचपला. तार खिशातच होती.

चालतं इंजिन तसंच टाकून मी पळालो.

राई संपते तिथून खिडकी दिसते. खिडकीत कंदिलाचा पिवळा उजेड नव्हता, दिवा लागला होता. मी अंगणात आलो आणि केसरचं बोलणं ऐकू आलं. थांबून थांबून बोलत होती, समोरच्याचं ऐकून घेत. मग हसली. मला तिचं हसू माहीत होतं, तोंडाला पदर लावून हसायची ते. हे मोकळं होतं.

खिडकीशी गेलो.

ती चुलीपुढं बसली होती, तोंड माझ्या बाजूला, हातातल्या डावात भात. तिच्यासमोर पान होतं, त्यातलं निम्मं जेवून झालं होतं. पाटावर माणूस बसला होता. मला त्याची पाठच दिसत होती. आपली पाठ आपण कधी पाहिलेली नसते, तरी मला ती ओळखू आली. खाकी सदरा, डाव्या खांद्याखाली केसरनं लावलेलं निळं ठिगळ. तोच सदरा त्या क्षणी माझ्या अंगात होता. मी हात मागं नेऊन ठिगळ चाचपून पाहिलं.

आत जायला पाय उचलला नाही. "अगं" म्हणून हाक मारली असती, पण "अगं" तर तोही म्हणत असणार. मग मी लग्नानंतर पहिल्यांदा तिचं नाव घेतलं.

"केसर."

तिनं मान वर केली. खिडकीकडे, माझ्याकडे, सरळ पाहिलं. दिवा तिच्या डोक्यावर होता आणि माझ्या तोंडावर चांगला उजेड पडत होता. अनोळखी माणूस अंगणात उभा दिसला की बाई बघते तसं तिनं बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि समोरच्या पाठीला विचारलं,

"भायेर कोन हाय ओ?"

तो वळला नाही. घास चावून झाल्यावर माझ्या आवाजात म्हणाला,

"कोनी न्हाय. वाढ तू."

तिनं भात वाढला.

 राईपलीकडून इंजिनाचा आवाज येत होता, पट्टा थोडा सैल झाल्यासारखा. मी परत आलो. पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावली आणि स्टुलावर बसलो. गुरुवार होता, बॅटऱ्या अर्ध्याच भरल्या होत्या. सातवा काटा दहापर्यंत वरच होता. दहाला पाच कमी असताना मी सवयीनं मोठ्या खटक्याला हात घातला आणि दिवे तीनदा मिचकवले. माळावर ते बघायला दुसरं कोणी नव्हतं. मग सातवा काटा आपणहून खाली आला. तिकडं दिवा मालवून ती दोघं झोपली.